बारा जानेवारीचा रकाना

वर्तमानपत्रात कधीच शिळं होत नाही असं काही असेल, तर ते दिनविशेष. गेल्या वर्षीचा मजकूर तसाच्या तसा उचलून छापला तरी वाचकाला पत्ता लागत नाही. हे मी अनुभवाने सांगते, कारण सोलापुरातल्या एका दैनिकात नऊ वर्षं तो रकाना मी भरत होते. रकाना तरी केवढा? आतल्या पानावर कोपऱ्यात सहा-सात ओळी, शेजारी राशिभविष्य, खाली शब्दकोडं. संध्याकाळी उशिरा एखादी जाहिरात आली की पहिली कात्री दिनविशेषावर. भविष्य कापलं तर दुसऱ्या दिवशी फोन येतात. इतिहास कापला तर कुणी विचारत नाही.

काही दिवस अगदी रिकामे असतात. मार्चमध्ये एखाद्या तारखेला कुठल्यातरी युरोपी राजाच्या राज्यारोहणावर वेळ मारून न्यावी लागते. काही दिवस मात्र इतके भरगच्च, की कुणाला ठेवावं आणि कुणाला उतरवावं हा एस.टी.तल्यासारखा प्रश्न पडतो. १२ जानेवारी त्यातला. १५९८, सिंदखेडराजा इथे जिजाबाईंचा जन्म. १८६३, कलकत्त्यात विवेकानंदांचा जन्म. १९३४, चितगावच्या तुरुंगात सूर्य सेन यांना फाशी. १९७६, अगाथा ख्रिस्तींचा मृत्यू. १९९२, देवासला कुमार गंधर्व गेले. २०१० नंतर हैतीचा भूकंपही या रांगेत येऊन बसला. राजमाता, संन्यासी, क्रांतिकारक, रहस्यकथाकार, गवई आणि भूकंप, सगळे एकाच टायपात, एकाच जाडीच्या अक्षरात. वर्षाच्या आकड्यापुढे अपूर्णविराम, नंतर एक वाक्य आणि पूर्णविराम. इतकी समानता मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

पहिल्या वर्षी मी हा मजकूर पुण्याकडून आलेल्या एका तयार दिनविशेषाच्या पुस्तकातून उतरवला होता. शहर आवृत्तीचं पान सुटायला वीस मिनिटं होती. पान लावणारा आमचा ऑपरेटर पूर्व भागातला, घरी तेलुगू, बाहेर मराठी आणि रागावला की कन्नड. त्याने रकाना स्क्रीनवर मोठा केला, एकदा वाचला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, “म्याडम, आपले चौघं कुठं हायत?”

मला आधी कळलंच नाही. मग कानशिलं तापली. सोलापुरात जन्मलेली, सोलापुरात वाढलेली बाई सोलापूरच्याच पेपरात १२ जानेवारीचा दिनविशेष लिहिते आणि त्यात चार हुतात्मे नाहीत! शाळेत असताना दर वर्षी या दिवशी आम्हाला रांगेने चार पुतळ्यांपाशी नेत. हुतात्मा स्मृती मंदिरात मी गॅदरिंगला नाचलेय. पुण्याला जाणारी गाडी आम्ही नुसती ‘हुतात्मा’ म्हणतो, ‘हुतात्माने आलो’, ‘हुतात्मा चुकली’. नाव इतकं तोंडात बसलेलं, की त्याच्यामागे माणसं आहेत हे विसरायला झालं होतं. मी घाईघाईत ओळ टाईप करायला घेतली, तर चार नावांना जागा पुरेना. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. दोन ओळी तरी हव्यातच. ऑपरेटरने न विचारता अगाथाबाईंना काढलं. त्यानंतर नऊ वर्षं त्या आमच्या पेपरात कधीच वारल्या नाहीत.

ही नावं एका श्वासात वाचली तरी सोलापूर कसं गाव आहे ते कळतं. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. कुर्बान हुसेन तर ‘गझनफर’ नावाचं साप्ताहिक चालवत, म्हणजे आमच्याच धंद्यातले. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं हे गाव पेटलं. ८ मेला गोळीबार झाला, पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत जळली, पोलीस आणि साहेबलोक शहराबाहेर पडले. पुढचे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचा अंमल नावालाही नव्हता. १२ मेला लष्करी कायदा पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत. त्या काळात डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिक्षा होई. या चौघांवर पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवला गेला आणि १२ जानेवारी १९३१ ला, सोमवारी, येरवड्याला त्यांना फाशी दिलं.

हे सगळं मला पुस्तकातून कळायच्या आधी घरात कळलं होतं, पण तारखांशिवाय. माझी आजी लष्करी कायद्याला ‘मार्सल्ला’ म्हणायची. तिचा स्वतःचा जन्म ‘मार्सल्ला उठला त्या आठवड्यातला’. लग्न ‘गांधीबाबाला मारलं त्याच्या पुढच्या वैशाखात’. माझ्या आत्याचा जन्म ‘गिरणी बंद पडली तेव्हा’, आणि सोलापुरात गिरण्या इतक्यांदा बंद पडल्या, की आत्याचं वय शेवटपर्यंत नक्की झालं नाही. आजीच्या बोलण्यात दिवस आणि महिने भरपूर असत, आकडा एकही नसे. अमुक तारखेला काय झालं असं तिला विचारलं तर ती म्हणायची, “तारीख सायबाची. आपल्याला तिथी पुरे.” मला तेव्हा वाटायचं, अडाणी आहे. रकाना भरायला लागल्यावर तेवढं वाटेनासं झालं, त्याला कारण एक म्हातारे गृहस्थ.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी १४ जानेवारीच्या रकान्यात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं: ‘१७६१ : ऐन मकर संक्रांतीच्या दिवशी पानिपतावर मराठ्यांचा पराभव.’ त्यावर आणखी अक्कल पाजळली, की संक्रांत कोसळणे हा वाक्प्रचार यावरूनच आला. पंधरा तारखेला दुपारी हे गृहस्थ कार्यालयात हजर. पांढरा लेंगा-शर्ट, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, हातात कापडी पिशवी. पिशवीतून आधी दाते पंचांग निघालं. आमच्या गावचंच ते. शंभराहून जास्त वर्षं सोलापुरातून निघतंय आणि अख्ख्या महाराष्ट्राची लग्नं त्यावर जमतात-मोडतात. मग निघाली कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची एक चिठ्ठी. पेन्सिलीने गणित केलेलं, खालचे आकडे दोनदा गिरवलेले.

“मॅडम, संक्रांत सतराशे एकसष्टला चौदा तारखेस कशी येईल? दहाला होऊन गेली ती. चौदाला पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. तुमची संक्रांत चार दिवस उशिरा कोसळली.”

मी त्यांना चहा मागवला, कारण दुसरं काय करणार! त्यांनी बशीत ओतून घेतला आणि समजावायला लागले. आपलं पंचांग निरयन, ताऱ्यांच्या हिशेबाने चालणारं. कॅलेंडर ऋतूंच्या हिशेबाने चालणारं. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळे या दोन्ही वर्षांच्या लांबीत वीस मिनिटांचा फरक पडतो. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण साठत साठत बहात्तर वर्षांत त्याचा एक दिवस होतो. म्हणून संक्रांत सरकते. आपण जन्मभर चौदा जानेवारी, चौदा जानेवारी म्हणत आलो आणि आता ती पंधरावर जायला लागली तर लोक पंचांगवाल्याला शिव्या देतात. “विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, ठाऊक आहे ना? आणि तारीख?” त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. “बारा. अठराशे त्रेसष्टला संक्रांत बाराला होती.”

खुलासा छापायचा का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “नको. रकान्यात मावणार नाही.” चिठ्ठी मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्या काचेखाली ती मी नोकरी सोडेपर्यंत होती.

त्या चिठ्ठीने माझी झोप उडवली असं म्हटलं तर जास्त होईल, पण रकान्यातली मजा गेली आणि वेगळीच मजा सुरू झाली. मी प्रत्येक ‘एकाच दिवशी’कडे संशयाने बघायला लागले. जिजाबाईंची तिथी पौष पौर्णिमा, शके १५१९. तारीख १२ जानेवारी १५९८. पण कुठली १२ जानेवारी? पोप ग्रेगरीने १५८२ सालीच नवं कॅलेंडर लागू केलं होतं. त्या वर्षी रोममध्ये ४ ऑक्टोबरला झोपलेली माणसं उठली ती १५ ऑक्टोबरला. इंग्रजांनी मात्र पोपचं कशाला ऐका म्हणत १७५२ पर्यंत जुनंच रेटलं. मराठ्यांच्या इतिहासातल्या त्या काळच्या तारखा याच जुन्या हिशेबाने मांडायची आपल्याकडे रीत पडली आहे. शिवाजी महाराजांचा १९ फेब्रुवारी १६३० तसाच, राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ ही तसाच. नव्या हिशेबाने जिजाऊंचा दिवस येतो २२ जानेवारी. म्हणजे आपण दर वर्षी जिजाऊ आणि विवेकानंद यांच्या तसबिरी एका टेबलावर ठेवून एकच हार दोघांना अर्धा अर्धा वाहतो, तो जुन्या आणि नव्या दोन कॅलेंडरांच्या घोटाळ्यातून. त्यातही रामकृष्ण मठात विवेकानंदांची जयंती पौष वद्य सप्तमीला, तिथीनेच होते. १२ जानेवारी ही सरकारी, १९८५ पासूनच्या राष्ट्रीय युवा दिनाची. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस २३ एप्रिल १६१६ या एकाच तारखेला गेले असं जगभर मिरवतात, तिथेही इंग्लंड आणि स्पेन यांच्यात दहा दिवसांची दरी आहे. शिवजयंती तिथीने की तारखेने यावर आपल्याकडे एवढी भांडणं झाली. भांडणारे दोघंही तारीख नवी धरून चालतात हे एखाद्या मिरवणुकीत सांगून बघायचा मोह मला झाला होता. आवरला.

एकूण काय, रकान्यातल्या या थोर मंडळींपैकी निम्मे एकमेकांच्या दिवशी जन्मलेलेच नव्हते. आकड्याला आकडा चिकटला एवढंच.

पण सूर्य सेन यांच्या ओळीपाशी मी दर वर्षी अडायचे. चितगावच्या शाळेतले हे मास्तर. लोक त्यांना मास्टरदा म्हणत. १८ एप्रिल १९३० ला त्यांच्या पोरांनी चितगावचं शस्त्रागार लुटलं. म्हणजे सोलापूर पेटायच्या तीन आठवडे आधी. एप्रिलच्या सुरुवातीला दांडीला मीठ उचललं गेलं होतं. त्याच उन्हाळ्यात देशाच्या पूर्व टोकाला बंदरावरचं एक गाव आणि इकडे दख्खनमधलं गिरण्यांचं एक गाव, दोघांनीही काही तास, काही दिवस इंग्रजांना हाकललं. एकाने बंदुकांनी, एकाने अंगावर चालून जाऊन. चितगावच्या पोरांना सोलापूर ठाऊक असेल असं नाही, सोलापूरच्या गिरणी कामगाराला चितगाव तर नाहीच. आणि मग १९३१ चा १२ जानेवारी येरवड्याचा, १९३४ चा १२ जानेवारी चितगाव तुरुंगाचा. सूर्य सेन यांच्याबरोबर तारकेश्वर दस्तीदारही होते. त्यांना रकान्यात जागा द्यायला मला चौथं वर्ष उजाडलं. तुरुंगाच्या कुठल्या कारकुनाने कुठल्या कागदावर ती तारीख घातली असेल, त्याला आधीची बारा ठाऊक असायचं कारण नाही. तारीख योगायोगच. पण पाठीमागचा उन्हाळा एकच होता. तो कुठल्याच दिनविशेषात येत नाही, कारण उन्हाळ्याला तारीख नसते.

आता सोलापूरच्या १२ जानेवारीबद्दल. इथे गोष्ट आणखी गुंतते, कारण हा गड्ड्याचा दिवस. बाहेरच्यांसाठी सांगते, गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. संक्रांतीच्या दोन दिवस आधी सात नंदीध्वज उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि त्या ६८ लिंगांना तेलाचा अभिषेक होतो. याला यण्णीमज्जन म्हणतात. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता, कुंभारकन्येचं सिद्धरामांच्या योगदंडाशी लग्न. संक्रांतीला होम. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर शोभेचं दारूकाम. त्यामुळे संक्रांत चौदाला असली की सकाळी चार पुतळ्यांना हार आणि त्याच दिवशी गावातून नंदीध्वज. होम मैदानावरून चार पुतळे म्हणजे चालत जायचं अंतर.

एका वर्षी मी बातमीसाठी दोन्हीकडे गेले. चार पुतळ्यांपाशी सकाळी थंडी होती. महापालिकेचा माणूस शिडी लावून एकेका खांद्यावरचं कबुतरांचं पांढरं खरवडत होता. पुढारी यायचे होते. शाळेची पोरं आधीच येऊन बसलेली, त्यातल्या एकीच्या हातात जिजाऊंची तसबीर, दुसऱ्याने भगवा फेटा बांधून विवेकानंदांसारखी हाताची घडी घातलेली. मास्तर म्हणत होते, “घडी सोडू नको रे, फोटो व्हायचाय अजून.” चौघांचा पोशाख कुणीच केला नव्हता. मी त्या मास्तरांना विचारणार होते, पण तेवढ्यात पुढारी आले.

तिथून मी निघाले ती गर्दीतून वाट काढत नंदीध्वजांपाशी. सगळे पांढऱ्या बाराबंदीत. कमरेच्या पट्ट्यात काठीचं बूड टेकवून एक जण तो उंचच्या उंच ध्वज सरळ तोलत होता. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या, नजर वर शेंड्याला लागलेली. बाराबंदीचा एक बंद सुटून लोंबत होता. पण हात सोडून तो बांधणार कोण? शेजारच्याने चालता चालताच बांधला, वर न बघता, जणू स्वतःचाच. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ झालं आणि ध्वज पुढे सरकला. महिनाभर रात्री-रात्री सराव करून ही माणसं कमावलेली असतात. पुढे एका गल्लीत एक आजोबा आपल्या नातवाला सांगत होते, “त्या साली पण गड्डा तोंडावर आला होता बघ, आन् येरवड्याला चौघांना लटकवलं.” त्यांनी ते स्वतः पाहिलेलं नसणार, वय तेवढं नव्हतं. ऐकलेलं असणार. मी नंतर म्हाताऱ्यांच्या चिठ्ठीतल्या हिशेबाने ताडून पाहिलं. १९३१ ची संक्रांत १४ जानेवारीची. बरोबर होते आजोबा. माझ्या रकान्याने या दोन गोष्टी कधी एका ओळीत घातल्या नव्हत्या, गल्लीने घातल्या होत्या.

आणि तरीही त्या सुटतायत. संक्रांत पंधराला आली की यण्णीमज्जन तेराला जातं, चौघं मात्र बारालाच राहतात. हे अंतर हळूहळू वाढणारच. सिद्धरामेश्वरांच्या काळी युरोपच्या जुन्या कॅलेंडराने संक्रांत नाताळच्या आसपास पडत असे. आणखी हजार वर्षांनी ती जानेवारीच्या अखेरीला पोचेल. तेव्हा सोलापूर असेल, गड्डा असेल अशी माझी खात्री आहे. दिनविशेष कोण भरत असेल कुणास ठाऊक.

तारखांचं खरं संमेलन बघायचं असेल तर १ जूनला बघावं. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जून. पोराला शाळेत घालायला आणलं, की हेडमास्तर त्याला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत. लागला तर वय झालं. तारीख? लिहा १ जून. आण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेतून ३१ मे २०१० ला निवृत्त झाले. त्यांच्या कार्यालयातले एकूण पाच जण त्या दिवशी निवृत्त झाले आणि पाचही जणांची जन्मतारीख एकच. निरोप समारंभात साहेब म्हणाले, “हा विलक्षण योगायोग आहे.” आण्णा हसून हसून बेजार. पाच शाली, पाच नारळ, आणि खर्च वाचावा म्हणून केक एकच.

कागदावर आण्णा १ जून १९५२ चे. आजीच्या हिशेबाने मात्र ते गड्ड्यातले. दारूकामाच्या रात्री, ती नेमाने सांगायची, शेवटचा मोठा बार उडाला, खिडकीची तावदानं थरथरली आणि पोर रडलं. दाई म्हणाली, भिऊन रडलं. आजी म्हणाली, भिऊन कशाला, जन्मलंय ते. त्यामुळे आमच्या घरात आण्णांचा वाढदिवस दारूकामाच्या रात्री होतो. संक्रांत पंधराला गेली की तोही एक दिवस पुढे जातो. आईने एकदा त्यांना पंधरालाच ओवाळायला घेतलं, तर म्हणाले, “अजून व्हायचोय मी.”

यंदाही आम्ही होम मैदानावर गेलो होतो. आण्णांना आता गर्दी सोसत नाही, म्हणून लांब, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. मफलर, हातात शेंगदाण्यांची पुडी. वर निळं-तांबडं फुलत होतं, विझत होतं, धूर किल्ल्याकडे सरकत होता. मध्येच थोडा वेळ सगळं शांत झालं तशी माणसं उठायला लागली. आण्णांनी माझा हात धरून मला बसवलं. “थांब. अजून एक राहिलाय.”

राहिला होता. एवढा मोठा, की दुकानाचं शटर पाठीमागे खणखणलं आणि कुठेतरी एक मूल रडायला लागलं. आण्णांनी पुडीतले शेवटचे दाणे तळहातावर ओतून घेतले, तोंडात टाकले आणि मान हलवून म्हणाले,

“झालो बघ.”